जुन्या मोटरसायकलच्या वायरिंगमधील आणि चार्जिंगमधील दोष कसे शोधावेत

जुन्या मोटरसायकलचा हेडलाइट पिवळट पडू लागला, हॉर्नचा आवाज बसला किंवा दोन दिवस उभी राहिलेली गाडी चालू होईनाशी झाली, की नवखा मालक सर्वप्रथम बॅटरी बदलतो. तीही काही दिवसांत उतरली की रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बदलतो, आणि एवढे करूनही फरक पडला नाही म्हणजे डायनॅमो (वीज तयार करणारे यंत्र) रिवाइंडिंगला, म्हणजे नव्याने तार गुंडाळायला, पाठवतो. या क्रमात पैसा खर्च होतोच, शिवाय मूळ दोष बहुतेक वेळा जागच्या जागी राहतो, कारण तो या तिन्ही महागड्या भागांत नसून त्यांना जोडणाऱ्या एखाद्या गंजलेल्या टर्मिनलमध्ये, रंगाखाली झाकल्या गेलेल्या अर्थमध्ये (फ्रेममार्गे बॅटरीकडे वीज परत नेणाऱ्या जोडणीत) किंवा सैल पडलेल्या जोडणीत असतो. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांना एकच नियम लागू आहे: मोजल्याशिवाय काहीही बदलायचे नाही, आणि जिथे शक्य असेल तिथे दिवा किंवा अन्य भार चालू ठेवूनच मोजायचे. जोडणीतून प्रवाह वाहत नसताना घेतलेले माप फसवे असू शकते, हे पुढे ओघाने स्पष्ट होईल.

आपल्या गाडीत काय आहे ते आधी ओळखा

हातात पाना घेण्यापूर्वी चार गोष्टी नक्की करून घ्याव्यात. पहिली गोष्ट म्हणजे व्यवस्था ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची. केवळ बॅटरीवरून हे ठरवू नये, कारण आधीच्या मालकाने अर्धवट फेरफार केलेला असू शकतो. बल्बवरील छाप, हॉर्नवरील आकडा आणि रेग्युलेटरवरील पट्टीही पाहावी. दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरीचे कोणते टोक फ्रेमला जोडलेले आहे. १९५० च्या दशकापासून पुढे बरीच वर्षे ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांसारख्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थ केलेले असे, तर जपानी आणि जर्मन गाड्यांत सामान्यतः निगेटिव्ह अर्थ असतो. आजची सवय म्हणून काळी वायर डोळे झाकून निगेटिव्हला लावणारा माणूस अशा ब्रिटिश गाडीचा रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) क्षणात जाळतो. तिथे वायरींच्या रंगावरही विसंबता येत नाही. ल्युकास या ब्रिटिश विद्युत भागांच्या कंपनीच्या पॉझिटिव्ह अर्थ असलेल्या वायरिंगमध्ये लाल वायर हीच अर्थ असते.

तिसरी गोष्ट, वीज निर्माण करणारे यंत्र डायनॅमो आहे की अल्टरनेटर. डायनॅमो सरळ डीसी देतो आणि त्याच्या जोडीला कटआउट (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) व रेग्युलेटर असलेली पेटी असते. अल्टरनेटर एसी देतो आणि ती डीसी करण्यासाठी रेक्टिफायर लागतो. चौथी गोष्ट, इग्निशन मॅग्नेटोवर आहे की बॅटरी व कॉइलवर. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, त्यामुळे अशी गाडी बॅटरी काढून ठेवली तरी चालते, आणि ती बंद पडत असेल तर चार्जिंगला दोष देण्यात अर्थ नाही. कॉइल इग्निशनच्या गाडीत मात्र बॅटरी खाली गेली की ठिणगीही कमजोर होते, म्हणून ‘इंजिन मिसिंग करते’ या तक्रारीचे मूळ कधी कधी चार्जिंगमध्ये सापडते. ल्युकासचा अल्टरनेटर असलेल्या काही ब्रिटिश गाड्यांत इग्निशनच्या चावीला आणीबाणीची एक वेगळी जागा असते. तिच्यावर ठेवून बॅटरी पूर्ण उतरलेली असतानाही गाडी चालू करता येते. ती जागा चालू करण्यापुरती आहे, प्रवासासाठी नाही.

साधने आणि खबरदारी

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट लँप, गाडीच्या नेमक्या मॉडेलची वायरिंग आकृती, फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि अतिशय बारीक पॉलिश पेपर एवढ्यावर नव्वद टक्के काम होते, असे म्हणायला हरकत नाही. टेस्ट लँप विकत घेण्याची गरज नसते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि टोकांना क्लिपा लावलेल्या दोन लांब वायरी एवढे पुरते. बल्ब मात्र गाडीच्याच व्होल्टेजचा असावा.

मल्टीमीटर असताना टेस्ट लँप कशाला, असा प्रश्न पडेल. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे वायरीच्या सर्व तारा तुटून एकच केसाएवढी तार शिल्लक असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि वायर ठीक असल्याचा भ्रम होतो. त्याच ठिकाणी २१ वॅटचा बल्ब लावला की त्याला पावणेदोन अँपिअर लागतात, ती एक तार तेवढा प्रवाह वाहून नेऊ शकत नाही आणि बल्ब मिणमिणतो किंवा लागतच नाही. दोन्ही साधने हाताशी ठेवावीत: वीज आहे का हे लँपला विचारावे आणि किती आहे हे मीटरला. आणखी एक अडचण म्हणजे इंजिन चालू असताना स्पार्कच्या विद्युत गोंगाटामुळे डिजिटल मीटरचे आकडे सैरभैर होतात. असे झाल्यास मीटरच्या वायरी प्लगपासून दूर न्याव्यात, सप्रेसर (हा गोंगाट दाबणारा भाग) असलेली प्लग कॅप तात्पुरती लावावी किंवा सरळ काट्याचा मीटर वापरावा.

हातातील अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी काढताना प्रथम अर्थची वायर सोडवावी आणि बसवताना ती सर्वांत शेवटी लावावी, म्हणजे पाना फ्रेमला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून ते काम मोकळ्या हवेत आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर करावे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग आहे का’ हे पाहण्याची जुनी पद्धत पूर्णपणे सोडून द्यावी. तसे केल्याने व्होल्टेज अचानक उसळते आणि बल्ब, झेनर डायोड (जादा वीज सोडून देणारा भाग) किंवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर निकामी होतो.

पहिली पायरी: बॅटरी

बॅटरी संशयास्पद असेल तर पुढचे प्रत्येक माप संशयास्पद ठरते, म्हणून सुरुवात इथूनच करावी. चार्जरवर पूर्ण चार्ज करून बॅटरी काही तास तशीच ठेवावी आणि मग टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. १२ व्होल्टची निरोगी बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी भरलेली आहे आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी हे सर्व आकडे निम्मे करावेत, म्हणजे पूर्ण चार्ज असताना ६.३ च्या आसपास. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या एक दशांश ठेवावा: १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीला १.२ अँपिअर. मोटारगाडीचा मोठा चार्जर या छोट्या बॅटऱ्यांना सोसत नाही.

त्यानंतर हेडलाइट लावून मीटरकडे पाहावे. चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज थोडे उतरून स्थिरावते. खराब बॅटरीचे व्होल्टेज मिनिटा-दोन मिनिटांत घसरतच जाते. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. पूर्ण चार्ज असताना ते १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान असते, आणि एखाद्या सेलचे माप इतरांपेक्षा ०.०५० ने कमी येत असेल तर तो सेल गेलेला आहे; अशी बॅटरी कितीही चार्ज केली तरी ती गाडीच्या चार्जिंगवरच संशय निर्माण करत राहील. पाणी कमी असल्यास डिस्टिल्ड पाणीच घालावे, आम्ल नाही. बॅटरीची हवा बाहेर नेणारी नळी चेनवर किंवा फ्रेमवर टपकत नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

दुसरी पायरी: अर्थ आणि जोडण्या

ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे बहुतेकजण ती वगळतात, आणि बहुतेक दोष सापडतात ते नेमके इथेच. प्रवाहाला बॅटरीतून बल्बपर्यंत जाण्याचा मार्ग लागतो तसाच परत येण्याचाही लागतो. जुन्या मोटरसायकलीत परतीचा हा मार्ग फ्रेम, इंजिन आणि कित्येकदा स्टिअरिंगचे बेअरिंग यांतून जातो. हेडलाइटचा सहा अँपिअर प्रवाह ग्रीसने माखलेल्या छऱ्यांमधून परत यावा अशी अपेक्षा त्या काळच्या रचनाकारांनी ठेवली होती, ही गोष्ट आज थोडी धाडसाची वाटते. हँडल वळवताच दिवा कमीजास्त होत असेल तर हेच कारण समजावे आणि हेडलाइटच्या शेलपासून थेट बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत एक स्वतंत्र वायर टाकावी. पाहणाऱ्याच्या नजरेस ती पडत नाही आणि गाडीच्या मूळ रूपाला बाधा येत नाही.

नव्याने रंगवलेल्या गाडीत अर्थचा प्रश्न अधिकच बळावतो. पावडर कोटिंगचा थर उत्तम इन्सुलेटर असतो. रेक्टिफायर, रेग्युलेटर, टेललाइटचा ब्रॅकेट आणि मडगार्ड हे सारे चकचकीत दिसतात, पण फ्रेमशी त्यांचा विद्युत संबंधच उरलेला नसतो. जिथे अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसतो तिथला नाण्याएवढा रंग खरवडून धातू उघडा करावा, लग घट्ट आवळावा आणि वरून पातळसे ग्रीस लावावे, म्हणजे तिथे गंज धरणार नाही.

आता व्होल्टेजची घट मोजू. हेडलाइट लावलेला ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, म्हणजे वायरीच्या लगवर नव्हे तर बॅटरीच्या प्रत्यक्ष शिशाच्या टोकावर ठेवावे, आणि दुसरे टोक हेडलाइटच्या बल्ब होल्डरच्या धातूवर टेकवावे. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक आहे. त्याहून जास्त आला तर दुसरे टोक टप्प्याटप्प्याने मागे आणावे: शेल, हँडल, फ्रेम, बॅटरीच्या अर्थ वायरीचा बोल्ट, शेवटी बॅटरीवरचा लग. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम कमी होतो, तिथे दोष आहे. हीच कृती दुसऱ्या बाजूनेही करावी, म्हणजे एक टोक बॅटरीच्या लाइव्ह टर्मिनलवर आणि दुसरे बल्बच्या संपर्कबिंदूवर. मध्ये फ्यूज, इग्निशन स्विच, लाइटचा स्विच आणि डिपर येत असल्यामुळे या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत घट चालवून घ्यावी.

६ व्होल्टच्या गाडीत ही घट का सोसत नाही, ते एका हिशेबातून कळेल. ३६ वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर ६ अँपिअर आणि १२ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. वाटेत कुठेतरी फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल तर पहिल्या गाडीत ०.६ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के वाया जातात, तर दुसऱ्या गाडीत ०.३ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के. साध्या फिलामेंट बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे दहा टक्के व्होल्टेज गेले की जवळपास तीस टक्के उजेड जातो. ‘सहा व्होल्टचे दिवे म्हणजे मेणबत्त्याच’ असे जे म्हटले जाते, त्यातला बराच भाग गंजलेल्या जोडण्यांचा असतो. नीट साफ केलेली ६ व्होल्टची गाडी रात्री बऱ्यापैकी चालवता येते, आणि ती १२ व्होल्टवर नेण्याचा निर्णय या सफाईनंतर घ्यावा, आधी नव्हे.

जोडण्या साफ करताना ब्रिटिश गाड्यांतील गोळीच्या आकाराचे कनेक्टर एकेक करून रबरी नळीतून बाहेर काढावेत. वरून ते धडधाकट दिसतात आणि आत हिरवट पूड साचलेली असते. वायर बोटांत धरून वाकवावी: ती कडक लागली, किंवा टोक सोलल्यावर तांबे काळे निघाले, तर लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे कापत जावे, कारण काळ्या तांब्यावर नवे टर्मिनल दाबून बसवण्यात काहीच हशील नाही. कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरी स्टिअरिंगच्या वळणावर आणि सीटखाली हमखास घासलेल्या असतात. एकापेक्षा जास्त ठिकाणी असे आढळले तर ठिगळे लावत बसू नये. संपूर्ण वायरिंग नवे करावे.

तिसरी पायरी: फ्यूज उडणे आणि बॅटरी आपोआप उतरणे

ल्युकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असले तरी तो आकडा फ्यूज वितळण्याचा असतो, सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या साधारण निम्मा असतो. आजच्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज त्या जागी बसवला तर फ्यूजऐवजी वायर जळेल. तिथे १५ ते २० अँपिअरचा फ्यूज योग्य. काही गाड्यांत मुळात फ्यूजच नसतो. अशा गाडीत बॅटरीच्या लाइव्ह टोकाजवळ तो आजच बसवून घ्यावा.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर नवे फ्यूज खर्ची घालण्याऐवजी त्याच्या जागी टेस्ट लँप जोडावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल आणि स्वतःच प्रवाह मर्यादित ठेवील, त्यामुळे शांतपणे शोध घेता येतो. एकेक कनेक्टर सोडवत जावे, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे, सीट दाबून पाहावी. ज्या क्षणी बल्ब विझतो किंवा मंदावतो, त्या क्षणी जे सोडवले किंवा हलवले त्याच शाखेत दोष आहे.

बॅटरी उभ्या गाडीत उतरत असेल तर इग्निशन बंद ठेवून बॅटरीची अर्थ वायर काढावी आणि तिच्या व बॅटरीच्या टोकाच्या मध्ये अँपिअरवर ठेवलेला मीटर जोडावा. या स्थितीत किक मारू नये आणि दिवेही लावू नयेत, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. ज्या गाडीत घड्याळ किंवा अलार्म नाही, तिथे आकडा शून्याच्या अगदी जवळ असायला हवा. काही मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त दिसले तर प्रथम रेक्टिफायरची वायर सोडवून पाहावी, कारण जुने सेलेनियम रेक्टिफायर म्हातारपणी उलट दिशेनेही प्रवाह झिरपू देतात.

चौथी पायरी: चार्जिंग होते की नाही

इथपर्यंतचे सर्व ठीक असेल तरच या पायरीवर यावे. चार्ज केलेली बॅटरी लावून इंजिन चालू करावे आणि मीटर बॅटरीच्या टोकांवर ठेवावा. मंद गतीवर व्होल्टेज फारसे वाढणार नाही, ते स्वाभाविक आहे. जुन्या गाड्या आयडलवर दिवे लावले की बॅटरीतूनच घेतात आणि त्या वेळी अँमीटरचा काटा वजा बाजूला झुकला म्हणून घाबरू नये. इंजिनची गती मध्यम केल्यावर १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५ आणि ६ व्होल्टच्या गाडीत ७ ते ७.५ च्या आसपास माप यायला हवे. गती वाढवूनही आकडा बॅटरीच्या मूळ आकड्यावरच राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर चढत गेला तर रेग्युलेटरचा ताबा सुटलेला आहे आणि बॅटरीतील पाणी उकळून कमी होणार. अँमीटर असेल तर चालू केल्याबरोबर काटा अधिक बाजूला जातो आणि बॅटरी भरत आली की हळूहळू शून्याकडे येतो. हे येणे म्हणजे बिघाड नव्हे.

पाचवी पायरी: डायनॅमोची गाडी

डायनॅमोचे झाकण उघडल्यावर पहिल्या नजरेत बरेच काही कळते. किक हळू फिरवून आर्मेचर (डायनॅमोचा आतला फिरणारा भाग) खरोखर फिरते का हे पाहावे, कारण चेन तुटलेली, गिअर घसरत असलेला किंवा पट्टा सैल झालेला असेल तर पुढचे सर्व व्यर्थ आहे. कम्युटेटरचे (आर्मेचरच्या टोकाच्या, ब्रश ज्यावर घासतात त्या पट्ट्यांच्या कड्याचे) तांबे तपकिरी आणि गुळगुळीत असावे. त्यावर काळी पेस्ट दिसली तर ऑइल आत झिरपते आहे. सगळे तांबे बरे आणि एकच पट्टी करपलेली असेल तर आर्मेचरच्या त्या गुंडाळीत तुटलेपणा आहे. आणि झाकणाच्या आतल्या बाजूस शिशाचे बारीक थेंब उडालेले दिसले तर डायनॅमो कधीतरी अतिभाराने तापून त्याचे सोल्डर वितळले आहे, असे समजावे. कार्बन ब्रश होल्डरमध्ये न अडखळता मागेपुढे सरकले पाहिजेत आणि स्प्रिंगचा दाब जाणवला पाहिजे. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करून पट्ट्यांमधील अभ्रक तांब्यापेक्षा सुमारे ०.८ मिलिमीटर खाली आहे ना ते पाहावे. अभ्रक वर आले की ब्रश उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात.

नंतर डायनॅमो एकटा तपासावा. ल्युकासच्या पद्धतीच्या डायनॅमोत डी आणि एफ अशी दोन टर्मिनल असतात. दोन्हीवरील वायरी काढून टर्मिनल एकमेकांना छोट्या वायरीने जोडावेत, मीटरचे एक टोक तिथे आणि दुसरे डायनॅमोच्या अंगावर लावावे, आणि इंजिन मंद गतीपासून हळूच वाढवावे. व्होल्टेज झपाट्याने आणि न अडखळता चढले तर डायनॅमो चांगला आहे. ६ व्होल्टच्या डायनॅमोत ते १० व्होल्टपर्यंत पोहोचू देण्याचीही गरज नाही. आकडा वाढत नाही म्हणून इंजिन ताणू नये. काहीच माप आले नाही तर ब्रश पाहावेत, अर्ध्या व्होल्टच्या आसपास अडकले तर फील्ड कॉइलवर (डायनॅमोत चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीवर) संशय घ्यावा, आणि दीड-दोन व्होल्टवर थांबले तर बहुधा आर्मेचर गेलेले असते. बॉशच्या पद्धतीत फील्डची जोडणी उलट असते, तिथे फील्डचे टर्मिनल डायनॅमोच्या अंगाला जोडून ही तपासणी करतात. म्हणून आकृती पाहिल्याशिवाय टर्मिनल जोडू नयेत.

दीर्घकाळ पडून राहिलेला किंवा ध्रुव बदललेला डायनॅमो कधी कधी आपले चुंबकत्व विसरतो. ल्युकासच्या पद्धतीत त्याच्या वायरी काढलेल्या असताना बॅटरीच्या लाइव्ह टोकापासून घेतलेली वायर एफ टर्मिनलला दोन-तीन सेकंद टेकवावी आणि बॅटरीचे अर्थ टोक डायनॅमोच्या अंगाला जोडलेले असावे. एवढ्याने फील्डला योग्य ध्रुव मिळतो. बॅटरी उलटी जोडून गाडी चालवल्यानंतर चार्जिंग बंद झाले असेल तर हा उपाय पहिला करावा.

डायनॅमो चांगला आणि तरीही चार्जिंग नाही, तर वायरी आणि रेग्युलेटरची पेटी उरते. ल्युकासच्या पेटीवर एफ, ए, डी, ई अशी चार टर्मिनल असतात. डायनॅमोवरील डी आणि एफ वायरी अदलाबदल न होता पेटीपर्यंत पोहोचतात का हे मीटरच्या बजरने तपासावे आणि ई चा अर्थ बॅटरीपर्यंत पक्का आहे का ते पाहावे. ई तुटलेली असेल तर कटआउटचे पॉइंट मिटतच नाहीत, चार्जिंग थांबते आणि डायनॅमो मात्र बेताल व्होल्टेज काढत राहतो. पॉइंट काळे पडले असतील तर बारीक पेपरची पट्टी मधून ओढून स्पिरिटने पुसावेत. स्क्रू फिरवून रेग्युलेटर ‘ॲडजस्ट’ करण्याचा मोह आवरावा. ती सेटिंग बॅटरीची वायर सोडवून, ठरलेल्या तापमानाला, मॅन्युअलमधील आकड्यांनुसार करायची असते. कटआउटचे पॉइंट इंजिन बंद झाल्यावरही चिकटून राहिले, तर बॅटरी डायनॅमोला मोटरसारखी फिरवू पाहते आणि मोठा प्रवाह वाहून वायरी धुमसू लागतात. अशा वेळी विचार न करता बॅटरीची वायर ओढून काढावी.

सहावी पायरी: अल्टरनेटरची गाडी

अल्टरनेटरमध्ये झिजणारे फारसे काही नसते, त्यामुळे तपासणी लवकर आटोपते. स्टेटरच्या (अल्टरनेटरच्या स्थिर कॉइलांच्या) वायरी सोडवून त्यांच्यातील रोध मोजावा. तो बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो आणि तीन वायरींच्या जपानी स्टेटरमध्ये तिन्ही जोड्यांत सारखा असायला हवा. कोणतीही वायर आणि इंजिनचे अंग यांत मात्र काहीही जोडणी दिसता कामा नये. नंतर इंजिन चालू करून याच वायरींवर एसी व्होल्टेज पाहावे. गतीबरोबर ते वाढायला हवे आणि तीन वायरींत सारखे वाढायला हवे. ल्युकासच्या अल्टरनेटरमध्ये रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर यांच्यातील फट चारही बाजूंनी किमान ०.२ मिलिमीटर असावी लागते, ती फीलर गेजने पाहावी. एका बाजूला ती नाहीशी झाली असेल तर स्टेटर नीट बसलेला नाही किंवा क्रँकचे बेअरिंग झिजले आहे. जिथे रोटरला कार्बन ब्रशमधून किंवा वेगळ्या फील्ड कॉइलमधून वीज मिळते, तिथे इग्निशन चालू असताना त्या कॉइलपर्यंत बॅटरीचे व्होल्टेज पोहोचते का, हे सर्वांत आधी पाहावे.

रेक्टिफायर मल्टीमीटरच्या डायोडच्या खुणेवर तपासतात. सिलिकॉनचा प्रत्येक डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतो आणि मीटरची टोके उलटी केली की काहीच दाखवत नाही. दोन्ही दिशांनी आकडा आला किंवा दोन्ही दिशांनी काहीच आले नाही तर तो गेला. जुन्या सेलेनियमच्या चकत्यांच्या रेक्टिफायरला हे आकडे लागू पडत नाहीत, आणि तो बसवताना मधला बोल्ट एका पान्याने स्थिर धरूनच नट आवळावा, अन्यथा चकत्या फिरून आतल्या जोडण्या तुटतात. माझ्या मते असा रेक्टिफायर शोभेपुरता जागेवर ठेवून टाकीखाली ३५ अँपिअरचा छोटा सिलिकॉन ब्रिज बसवणे शहाणपणाचे आहे, फक्त त्याला उष्णता सोडण्यासाठी धातूचा सपाट पृष्ठभाग मिळाला पाहिजे.

१२ व्होल्टच्या ब्रिटिश गाड्यांत जादा वीज झेनर डायोड उष्णतेच्या रूपाने सोडून देतो. तो शॉर्ट झाला तर चार्जिंग बंद पडल्यासारखे दिसते, आणि त्याचा अर्थ किंवा धातूशी संपर्क सुटला तर बॅटरी उकळू लागते. शॉर्टचा संशय असल्यास इंजिन बंद करून त्याची वायर काढून गुंडाळून ठेवावी, इंजिन पुन्हा चालू करावे आणि दिवे लावून मिनिटभरच मीटरकडे पाहावे; व्होल्टेज वर आले तर दोषी तोच. ६ व्होल्टच्या ल्युकास अल्टरनेटरवाल्या गाड्यांत झेनर नसतो. तिथे लाइटचा स्विचच किती कॉइल कामाला लागतील हे ठरवतो. हेडलाइट बंद असताना चार्जिंग ठीक आणि लावताच बॅटरी उतरू लागते, अशी तक्रार असेल तर अल्टरनेटर उघडण्याआधी तो स्विच साफ करावा. जपानी गाड्यांत स्टेटर आणि रेग्युलेटरमधला प्लॅस्टिकचा कनेक्टर उघडून पाहावा. एखादी पिन तपकिरी पडून भोवतालचे प्लॅस्टिक वितळलेले दिसले तर आधी तो कनेक्टर बदलावा, कारण त्याच्यापुढे नवा रेग्युलेटरही टिकणार नाही.

येणारे-जाणारे दोष आणि रिवाइंडिंग

गाडी थांबवली की दोष नाहीसा होतो, अशी तक्रार असल्यास टेस्ट लँप संशयित वायरीच्या टोकाला जोडून तो चालवताना दिसेल असा हँडलवर बांधावा. ती वायर इग्निशनच्या स्विचनंतरची असेल तर लँप आणि इंजिन एकाच वेळी दचकतात आणि दोष बॅटरीच्या बाजूला आहे हे कळते. लँप स्थिर राहून इंजिन दचकले तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट पाहावेत. इंजिन तापल्यावरच चार्जिंग बंद होत असेल तर स्टेटरचा रोध गरम असताना लगेच पुन्हा मोजावा, कारण थंड असताना जुळलेली तुटकी तार उष्णतेने दूर सरकते.

स्टेटर किंवा आर्मेचर खरोखरच गेलेले असेल तर ते रिवाइंडिंगला देण्याआधी वायरींचे रंग, त्या बाहेर पडण्याची दिशा आणि प्रत्येक कॉइल कुठून कुठे जोडली आहे, याचा आराखडा कागदावर काढावा व फोटो घ्यावेत. कारागिराला तारेची जाडी आणि प्रत्येक कॉइलवरील वेढे जुन्या गुंडाळीवरूनच मोजावे लागतात, म्हणून जुनी तार आपण स्वतः उपसून टाकू नये. काम होऊन आल्यावर बसवण्यापूर्वी अंगाशी शॉर्ट नाही ना हे मीटरने पाहावे, आणि बसवल्यावर चौथ्या पायरीवरील माप हेडलाइट बंद व चालू अशा दोन्ही स्थितींत पुन्हा घ्यावे.